मुलांचं बोलणं आणि मोठ्यांचे कान



भाषेच्या व्यासपीठावर एका वाचा-उपचारतज्ज्ञ बाईला आपण बोलावलंत, याबद्दल मनापासून आभार. माझं काम दवाखान्यातलं, आपलं साहित्याचं आणि वर्गातलं. तरी दोघांचा कच्चा माल एकच आहे : माणसाचं बोलणं. इंदूरला मी गेली वीस-बावीस वर्षं शाळकरी मुलांबरोबर काम करते. त्यांतली बरीच मुलं आपल्या मराठी घरांतली असतात. घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी, असा त्यांचा दिवस जातो. त्यांच्याकडे पाहताना जे लक्षात आलं, त्यातला एकच मुद्दा आज मांडायचा आहे. मुलाचं बोलणं स्पष्ट व्हावं, त्याला चारचौघांत संवाद साधता यावा, म्हणून त्याची घरची भाषा काढून घेण्याची गरज नसते. उलट तीच उपचाराची सगळ्यात भक्कम पायरी असते.

सुरुवात आपल्याच शब्दांपासून करू. बोलण्यातल्या अडचणींसाठी मराठीत चांगले नेमके शब्द आहेत. बोबडा, तोतरा, गेंगाणा आणि घुमा. आमच्या शास्त्रात ज्यांची वेगवेगळी प्रकरणं आहेत, ते भेद आपल्या आजीपणजीला कानाने कळत होते. बोबड्या मुलाचे ध्वनी बदलतात : ‘गाय’ची ‘दाय’ होते, ‘रात’ची ‘लात’ होते. तोतऱ्याला ध्वनी येतात, पण ओघ अडतो. पहिलं अक्षर पुन्हा पुन्हा येतं किंवा घशातच अडकतं. गेंगाण्याचा आवाज नाकातून जातो. टाळू जन्मतः दुभंगलेली असेल तर असं होतं आणि शस्त्रक्रियेनंतरही काही काळ वाचा-उपचार लागतात. घुम्याला ध्वनीही येतात आणि ओघही असतो, पण समोरच्याशी बोलणं सुरू कसं करायचं, चालू कसं ठेवायचं, हे उमगत नाही. घुमा म्हटलेली सगळीच मुलं अशी नसतात. काही नुसती लाजरी असतात, काहींना वर्गाची भीती असते. पण खरोखर न उमगणारी मुलंही त्यांत असतात. २०१३ साली अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाने या अडचणीला सामाजिक संभाषणातील विकार असं स्वतंत्र नाव दिलं.

शब्द नेमके आहेत. आपण ते वापरतो मात्र नावं ठेवायला. वर्गात एकदा ‘बोबड्या’ म्हणून हाक रूढ झाली की ते मूल हात वर करायचं थांबतं. बोलणं कमी झालं की सराव कमी होतो, सराव कमी झाला की बोलणं सुधारत नाही. हे चक्र मी पुष्कळदा पाहिलं आहे.

आता बोबड्या बोलण्याकडे जरा बारकाईने पाहू. प्रत्येक लहान मूल काही काळ बोबडं बोलतंच. ढोबळ हिशेब असा : दोन वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्या माणसाला साधारण निम्मं कळावं, तीन वर्षांच्या मुलाचं पाऊण आणि चार वर्षांच्या मुलाचं जवळजवळ सगळं. ‘र’सारखे काही ध्वनी त्यानंतरही पक्के व्हायचे राहतात, त्याची घाई नसते. पण पहिलीत गेलेलं मूल ‘काका’ला ‘ताता’ म्हणत असेल, तर ‘मोठा झाला की येईल’ म्हणून वाट पाहू नये. वेखंड उगाळून चाटवणं, जिभेवर मध फिरवणं हे उपाय प्रेमापोटी होतात. त्यांनी ‘क’ येत नाही. फुगे फुगवून आणि शिट्ट्या वाजवूनही येत नाही. ‘क’ यायला जिभेची मागची बाजू मऊ टाळूला टेकवावी लागते आणि ती ‘क’ म्हणतानाच टेकवायला शिकावी लागते.

सगळ्यात आधी कान तपासून घ्यावेत. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलाच्या मधल्या कानात पाणी साचतं आणि त्याला जग उशी कानावर धरल्यासारखं ऐकू येतं. जे नीट ऐकू येत नाही, ते नीट बोलता कसं येणार? ‘लक्ष देत नाही’ म्हणून शिक्षा झालेली अशी मुलं माझ्याकडे आली आहेत.

कान ठीक असले की पुढचा प्रश्न येतो आणि तो आपल्यासारख्या बहुभाषी गावांत फार महत्त्वाचा आहे. जे ऐकू येतंय तो दोष आहे की नुसता फरक? आपल्या इंदूरची मराठी मुलं ‘वेळ’ला ‘वेल’ म्हणतात, ‘माळ’ला ‘माल’, ‘काळ’ला ‘काल’. प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही. दिवसाचे दहा तास जो ध्वनी कानावर पडत नाही, तो जिभेवर कसा बसेल? बडोद्याच्या मुलाला ‘ळ’ची अडचण सहसा येत नाही, कारण गुजरातीत तो आहे. बेळगावच्या मुलाला कन्नडमधून मिळतो, गोव्यातल्या मुलाला कोकणीतून. पण ‘चार’मधला ‘च’ आणि ‘चारा’मधला ‘च’ वेगळे आहेत, ‘माझी’तला ‘झ’ आणि ‘माझा’तला ‘झ’ वेगळे आहेत. हा भेद कोकणीत आहे, हिंदी-गुजराती-कन्नडमध्ये नाही. म्हणून बडोद्याचं मूल ‘ळ’ स्वच्छ म्हणतं आणि गुरांचा ‘चारा’ मात्र आकड्यातल्या ‘चार’सारखा उच्चारतं.

हा दोष नव्हे. ही शेजाराची खूण आहे. ओळखण्याची कसोटी सोपी आहे. मूल ज्या भाषा बोलतं, त्या सगळ्यांत ऐका. मराठीत ‘गाय’ची ‘दाय’ आणि हिंदीतही ‘गाड़ी’ची ‘दाड़ी’ होत असेल, तर अडचण ध्वनी घडवण्यात आहे; उपचार लागतील. ‘वेळ’चा ‘वेल’ होतो आणि हिंदी मात्र स्वच्छ आहे, तर त्या मुलाला उपचार नकोत. त्याला मराठी ऐकवणारी माणसं हवीत, चार गोष्टी मोठ्याने वाचून दाखवणारे शिक्षक हवेत. खऱ्या वाचादोषाची खूण अशी की तो एका भाषेपुरता थांबत नाही.

यातून मी त्या सल्ल्याकडे येते, ज्याच्यासाठी खरं तर मी हा विषय निवडला. मूल उशिरा किंवा अस्पष्ट बोलायला लागलं की पालकांना अजूनही सांगितलं जातं, ‘घरात एकच भाषा ठेवा.’ आणि ती एक भाषा म्हणजे जवळजवळ नेहमी शाळेची इंग्रजी. साडेपाच वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. ‘क’चा ‘त’ आणि ‘ग’चा ‘द’ करायचा. कुठेतरी मिळालेल्या अशाच सल्ल्यावरून घरात मराठी बंद झाली होती. आईवडील जमेल तशा इंग्रजीत, तुटक वाक्यांत बोलत : बस, खा, चल, ये. आजीला इंग्रजी येत नव्हती. नातवाशी दिवसभर बोलणारं घरातलं ते एकच माणूस; ती गप्प झाली. मुलाचा ‘क’ होता तिथेच राहिला, वर त्याच्या गप्पा गेल्या, प्रश्न गेले, रात्रीची गोष्ट गेली. आई मला म्हणाली, ‘मॅडम, तो आता आजीच्या खोलीतच जात नाही.’

दोन किंवा तीन भाषा कानावर पडल्याने वाचादोष होत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या आणि स्वमग्न मुलांचे अभ्यास झाले आहेत; त्यांतही दुसऱ्या भाषेमुळे मुलांचं नुकसान झाल्याचं दिसलेलं नाही. मूल एका वाक्यात मराठी-हिंदी मिसळतं तेव्हा ते गोंधळलेलं नसतं. हातात जे आहे ते वापरत असतं. इंदूरची मोठी माणसंही तेच करतात.

आम्ही त्या घरात मराठी परत सुरू केली आणि आजीला कामाला लावलं. चित्रांच्या जोड्या केल्या : कार आणि तार, गार आणि दार. आधी नुसतं ऐकायचं. आजी म्हणेल ते चित्र उचलायचं. मग उलट. नातवाने मागायचं आणि आजीने जे ऐकू आलं तेच द्यायचं. त्याला हवी असायची कार, तोंडातून निघायचं ‘तार’, आजी शांतपणे तारेचं चित्र हातात ठेवायची. तो चिडायचा. पण आपल्या एका ध्वनीने अर्थ बदलतो, हे त्याला कोणी न रागावता कळलं. पुढे सुटा ‘क’, मग ‘का-की-कू’, मग शब्द, मग वाक्य आणि शेवटी भांडण! भांडताना ‘क’ बरोबर आला की समजावं, तो वळणी पडला. रोज दहा-पंधरा मिनिटं, आठ महिने. मराठीत बसलेला ‘क’ हिंदीत आणि इंग्रजीत वेगळा शिकवावा लागला नाही. जीभ एकच आहे.

आता घुम्या मुलांविषयी. यांच्याकडे लक्ष सगळ्यात उशिरा जातं, कारण ती त्रास देत नाहीत. चौथीतला एक मुलगा रेल्वेची सगळी माहिती घडाघडा सांगायचा. उच्चार लखलखीत. पण मधल्या सुट्टीत एकटा. समोरच्याला कंटाळा आला आहे हे त्याला कळत नव्हतं, आपली पाळी संपली हेही कळत नव्हतं. अशा मुलाला ‘मिळून मिसळून वाग’ म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला ‘पोह’ म्हणणं. संभाषणाचे तुकडे करून शिकवावे लागतात : सुरुवात, पाळी, विषयाला धरून राहणं, न कळल्यास विचारणं, निरोप घेणं.

आणि हे तुकडे प्रत्येक भाषेत वेगळे असतात. मराठीत संभाषण तोलून धरतात ते ‘हो का?’, ‘मग?’, ‘अगं बाई!’ असले चिमुकले शब्द. आम्ही त्या मुलाला सांगितलं, मित्र बोलत असताना दोनदा ‘मग?’ म्हणायचं आणि मगच आपलं सांगायचं. त्याने ते गणितासारखं पाळलं; आणि मित्र सांगत राहिला! ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांत मराठी फरक करते, हिंदीचं ‘हम’ करत नाही. ‘आम्ही खेळू’ म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, ‘आपण खेळू’ म्हटलं की आत येतो. अरे, अहो, तू, तुम्ही यांची निवडही शिकवावी लागते. निघताना आपण ‘येतो’ म्हणतो. शब्दाचा सरळ अर्थ घेणारं मूल विचारतं, ‘जाताना येतो का म्हणायचं?’ प्रश्न रास्त आहे. त्याला सांगावं लागतं की ‘जातो’ आपल्याकडे अशुभ मानतात आणि ‘येतो’मध्ये परत येण्याचं आश्वासन असतं. हे इंग्रजीतल्या पुस्तकावरून शिकवता येत नाही. पाहुणे, दुकान, फोन, वाढदिवस असे छोटे प्रसंग घरच्या भाषेत वठवूनच ते येतं.

शिक्षकांसाठी चार गोष्टी, ज्यांना पैसा लागत नाही. मुलाला ‘नीट बोल’ म्हणू नका. ते ‘दाय आली’ म्हणालं, तर ‘हो, गाय आली, केवढी मोठी गाय!’ असं बरोबर रूप त्याच्या कानावर घाला आणि पुढे चला. प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. पुष्कळ मुलांना तेवढा अवकाशच मिळत नाही. तोतऱ्या मुलाचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, ‘श्वास घे, सावकाश बोल’ असंही म्हणू नका. तुम्ही स्वतः सावकाश बोला आणि काय म्हणतोय ते ऐका, कसं म्हणतोय ते नको. घुम्या मुलाला एकदम गटात ढकलू नका. एका शांत सोबत्याबरोबर एखादं काम द्या, ज्यात बोलल्याशिवाय चालणार नाही.

शंका आली तर तपासणी करून घ्या. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या विकासातल्या विलंबाची तपासणी आणि जिल्हा पातळीवरच्या केंद्रात पुढचा सल्ला, अशी सोय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत वाचा व भाषा यांची अक्षमताही आहे. उपचार करणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली आहे का, हे विचारण्याचा पालकांना अधिकार आहे, तो वापरा. २०२० चं शैक्षणिक धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावं म्हणतं. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मुलांना ती शाळा नेहमी मिळणार नाही. म्हणूनच घराने तरी ती भाषा सोडू नये.

शेवटी लेखकांना एक विनंती. चित्रपत्ते मी अजून हाताने बनवते. ‘वेल–वेळ’, ‘गाल–गाळ’, ‘सन–सण’ अशा जोड्यांची चित्रांसह पुस्तिका, आणि मुलं खरोखर बोलतात तसे संवाद असलेल्या लहान-लहान गोष्टी मला हव्या आहेत. त्यात इंदूरचं मूल असावं, बडोद्याचं, बेळगावचं असावं. बोबडं बोलणारं पात्र हसवण्यापुरतं येऊ नये. त्याला काहीतरी सांगायचं असावं आणि कुणीतरी ते ऐकून घ्यावं. हे काम दवाखाना एकटा करू शकत नाही. आपल्यापैकी कुणाला ते करावंसं वाटलं, तर शब्दांच्या याद्या माझ्याकडे तयार आहेत.