घरातला एकच फोन



बेंगळूरच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटच्या आसपास दुकाने आणि घरे एकमेकांना चिकटून उभी आहेत. मोबाइल येथे हातोहाती दिसतो. तरीही अशा दाट वस्तीतील एखाद्या मुलाचा फोनवर आलेला स्वाध्याय अपुरा राहतो. कारण फोन घराचा असतो, मुलाचा नसतो. दिवसा तो कमावत्या माणसाबरोबर बाहेर असतो. रात्री मोठ्या भावाच्या हाती जातो. धाकट्या बहिणीची पाळी येईपर्यंत डेटा संपलेला असतो.

ही विषमता महामारीने निर्माण केली नाही, केवळ उघडी पाडली. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातील शंभरांपैकी सुमारे २४ कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती; शहरांतही हे प्रमाण ४२च्या आसपास होते.

जून २०२०मध्ये कर्नाटक सरकारने खालच्या इयत्तांच्या ऑनलाइन तासांना मनाई केली. ८ जुलै रोजी उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. मात्र शाळांना ऑनलाइन शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार मिळाला, असा अर्थ काढू नये, असेही स्पष्ट केले. ऑगस्टमध्ये सरकारी शाळांसाठी ‘विद्यागम’ योजना आली. काहीच साधन नसलेली, साधा फोन असलेली आणि इंटरनेट असलेली, असे मुलांचे गट करण्यात आले. शिक्षक वस्तीत जाऊन देवळाच्या आवारात, झाडाखाली शिकवू लागले. संसर्गाच्या भीतीने ऑक्टोबरमध्ये ती थांबली. पण कोणत्या मुलाकडे काय आहे, हा तिचा पहिला प्रश्न अचूक होता.

शाळा पुन्हा भरू लागल्या आणि तो प्रश्न मागे पडला. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर स्वाध्याय येतो, सकाळी वही कोरी दिसते आणि मुलावर आळशीपणाचा शिक्का बसतो. हा शिक्का पुसणे शाळेच्या हाती आहे. स्वाध्याय आधी फळ्यावर लिहावा. फोन लागेल अशा कामाला चार दिवसांची मुदत द्यावी. शाळा सुटल्यावर तासभर संगणक कक्ष उघडा ठेवावा. पालकांनी घरातल्या फोनची वेळ मुलीसाठीही राखावी. माजी विद्यार्थ्यांनी जुना संगणक जरूर द्यावा. त्याहून मोलाचा आहे तो त्या कक्षात मुलांशेजारी बसून दिलेला आठवड्यातील एक तास.

हीरक महोत्सवाची खरी झळाळी त्या कोऱ्या वहीच्या भरलेल्या पानांत दिसावी.