दातखीळ
(नभोवाणीवरील भाषण)

भीतीने कुणाची वाचा बंद झाली की ‘त्याची दातखीळ बसली’ असे आपण सहज म्हणून जातो. हा वाक्प्रचार मी मुलांना वाक्यात उपयोग करण्यासाठी किती वेळा दिला असेल, त्याची गणती नाही. परंतु ज्याचा जबडा खरोखरच उघडत नव्हता असा एक मुलगा माझ्याच वर्गात दोन महिने बसत होता आणि ते माझ्या ध्यानात आले नाही.

मुलगा पेडणे तालुक्यातला, इयत्ता आठवीत शिकणारा. दशावताराचे त्याला भारी वेड. संकासुराचे सोंग आणि राजाची लांबलचक भाषणे तो मधल्या सुट्टीत खड्या आवाजात करून दाखवी. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा हाच मुलगा धडा वाचताना पुटपुटू लागला. चार ओळी झाल्या की थांबे. मी त्याला दटावले, “तोंड उघडून बोल!” एकदा नव्हे, अनेकदा दटावले. अखेर त्याची आई शाळेत आली. “मास्तर, त्याचे तोंडच उघडत नाही. घास आत जात नाही, नुसत्या पेजेवर आहे.” मे महिन्यात तो काजूच्या झाडावरून हनुवटीवर पडला होता. जखम आठ दिवसांत भरून आली, म्हणून पुढे कुणी चौकशी केली नाही.

हनुवटीला मार लागला तर दुखणे कानापाशी कसे जाते? कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडून पाहा. बोटाखाली काहीतरी हलते. तोच जबड्याचा सांधा. हनुवटीवरचा आघात हाडातून थेट तेथे पोहोचतो. हा सांधा मोठा विलक्षण आहे. दाराच्या बिजागरीप्रमाणे तो आधी फिरतो आणि मग पुढे घसरतो. दोन हाडांमध्ये एक मऊ चकती असते. ती जागची सरकली की तोंड उघडताना ‘कट्’ असा आवाज होतो. ती पुढेच अडकून बसली तर तोंड अर्धेच उघडते आणि हनुवटी दुखऱ्या बाजूला वळते. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. त्या मुलाच्या तोंडात दीडच मावत होती.

आता वाणीचे पाहू. ‘आ’ म्हणताना जबडा सर्वांत अधिक खाली येतो. ‘स’ आणि ‘श’ म्हणताना उलट दात एकमेकांच्या अगदी जवळ यावे लागतात. त्यामुळे जबडा उघडेना झाला की ‘आ’ दबतो, आणि एका बाजूला सरकला की सकार फिसकटतो. तरीही गंमत अशी की, जबडा स्थिर ठेवूनही माणूस बरेच स्पष्ट बोलू शकतो. रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे निराळे सांगावयास नको. जीभ फार चतुर आहे. जबड्याची उणीव ती भरून काढते. म्हणूनच या विकारात शब्द क्वचितच ओळखू न येण्याइतके बिघडतात. बिघडतो तो बोलण्याचा उत्साह. स्नायू थकतात, कानशील ठणकते, आवाज खाली येतो, आणि माणूस थोडक्यात आटोपू लागतो. आपण शिक्षक त्याला आळस म्हणतो.

तोंड न उघडण्याचे आणखी एक कारण आपल्या डिचोलीकडील कुळागरांतच पिकते. सुपारी सतत चघळणाऱ्याच्या गालांची आणि टाळूची आतली त्वचा ताठ होत जाते. सांधा शाबूत असूनही तोंड मिटत जाते, जीभ आखडते, तिखट सोसवत नाही. हा ताठरपणा सहसा पूर्ववत होत नाही, आणि त्यातून पुढे कर्करोगही उद्भवू शकतो. गोव्यात 2005 साली गुटख्यावर कायद्याने बंदी आली. परंतु साध्या सुपारीच्या खांडाला कुणी वाईट म्हणत नाही. पाहुण्यापुढे पानाचे तबक आम्हीही ठेवतोच की!

एक गोष्ट मात्र निराळी समजावी. जखम झाल्यावर काही दिवसांनी जबडा आवळू लागला, तर ती धनुर्वाताची दातखीळ असू शकते. तेथे शेकत बसू नये. त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

मुलाला आम्ही बांबोळीच्या दंत महाविद्यालयात नेले. 1980 पासून चालू असलेली ही संस्था पेडण्याहून दूर पडते हे खरे. आईचा रोजगार बुडाला. तेथे क्षकिरण चित्र काढले. हाड मोडलेले नव्हते, चकती अडकली होती. शस्त्रक्रिया करावी लागली नाही. मऊ अन्न, गरम शेक, रात्री दातांवर बसवावयाचे एक साधन आणि जबड्याचे व्यायाम, एवढ्यावर भागले. बहुतेक रुग्णांचे असेच भागते, असे डॉक्टरांनी सांगितले. मात्र लहान वयात मार लागून सांधा हाडाने जखडला, तर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते आणि हनुवटीची वाढही खुंटते.

व्यायाम तो वर्गात माझ्यासमोर करी. मी बोटे मोजी. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी अडीच बोटे झाली. स्नेहसंमेलनात त्याने राजाचे सोंग घेतले. भाषण लांबले, हनुवटी थोडी डावीकडे जात होती, आणि शेवटच्या रांगेत त्याची आई उभी होती.