दीड एकरातलं संशोधन

शेतकरी गेला की त्याच्याबद्दल दोन गोष्टी हमखास बोलल्या जातात: जन्मभर राबला आणि लेकराबाळांसाठी झिजला. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे ३ जून २०१८ रोजी गेले, तेव्हाही हेच बोललं गेलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण एवढ्यावर थांबलं की आपण शेतकऱ्याच्या घामाला मान देतो आणि त्याच्या डोक्याला विसरतो, असं माझं म्हणणं आहे. हा विसर नुसता शब्दांपुरता राहत नाही. घामाची मजुरी ठरते, बुद्धीचा मोबदला मागायला मात्र आधी बुद्धी होती हे कुणीतरी मान्य करावं लागतं. दादाजींच्या बाबतीत ते मान्य व्हायला फार उशीर झाला.

गाव नांदेड म्हटलं की मराठवाडा डोळ्यांसमोर येतो. हे नांदेड पूर्व विदर्भातलं, झाडीपट्टीच्या धानाच्या मुलखातलं. दादाजींचं शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत. १९८३ साली पटेल-३ या धानाच्या वाणाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, त्यांना तीन लोंब्या बाकीच्यांपेक्षा वेगळ्या दिसल्या, दाणा पिवळसर असलेल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढून ठेवल्या. पुढच्या हंगामात बांधीच्या मधोमध लहानशा जागेत तेच दाणे पेरले आणि जंगल जवळ, म्हणून जनावरांपासून राखायला भोवती काट्याकुट्यांचं कुंपण घातलं. पुढची काही वर्षं हेच चाललं: वेगळं पेरायचं, वेगळं कापायचं, त्यातलं उत्तम तेवढंच बियाण्याला ठेवायचं. हाती आला तो बारीक दाण्याचा, शिजायला चांगला, उतारा देणारा तांदूळ. मनगटी घड्याळात तेव्हा एचएमटीची चलती होती, म्हणून व्यापाऱ्यांच्या तोंडी या धानालाही तेच नाव बसलं. आज एचएमटी तांदूळ विदर्भाबाहेरही, कितीतरी राज्यांत पिकतो आणि विकला जातो. विकत घेणाऱ्या किती जणांना त्यामागचा माणूस ठाऊक असेल?

आता कुणी म्हणेल, यात संशोधन कसलं? निसर्गानं एक वेगळी लोंबी दिली आणि ती या माणसाच्या नजरेस पडली, नशीब म्हणा. आक्षेप वरवर बरोबर वाटतो. वेगळी लोंबी निपजणं योगायोगाचंच असतं. पण धान हे बहुतांशी स्वपरागित पीक आहे. एका लोंबीचे दाणे वेगळे जपले आणि पिढ्यान् पिढ्या भेसळ काढत गेलं तर तो गुण टिकून स्थिर होतो. यालाच निवड पद्धत म्हणतात आणि कृषी महाविद्यालयांत ती रीतसर शिकवली जाते. वेगळी झाडं शेकडो बांध्यांत उगवत असतील, ती कापणीत बाकीच्यांबरोबर पेंढीत बांधली जातात. त्यातली तीन बाजूला काढणं हा निर्णय आहे, आणि तोच निर्णय दर हंगामात पुन्हा घेणं ही पद्धत आहे. शिवाय नशिबाचा खेळ असता तर तो एकदाच झाला असता. दादाजींनी पुढे नांदेड-९२, नांदेड हिरा, नांदेड चिन्नोर, विजय नांदेड आणि स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांचा डीआरके असे एकामागून एक वाण काढले. योगायोग इतक्या वेळा एकाच्याच बांधीत येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं दादाजींकडून बियाणं नेलं आणि १९९८ साली पीकेव्ही एचएमटी या नावानं वाण प्रसारित केला. शुद्धीकरण, चाचण्या, बियाण्याचं प्रमाणीकरण हे विद्यापीठाचं काम, ते एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातलं नाही. मग श्रेय विद्यापीठाचं का नसावं? असावंच. त्या कामावाचून हा तांदूळ इतक्या लांबवर भरवशानं गेला नसता. पण मूळ आणि संस्कार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संस्कार करणाऱ्यानं मूळ देणाऱ्याचं नाव ठळक लिहिलं तर त्याचं स्वतःचं नाव पुसलं जात नाही. घोळ इथेच झाला, मूळ देणाऱ्याचं नाव मागे राहिलं, आणि दादाजींची खंतही तीच होती. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या काळात राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना मिळाला, पुढे राज्य सरकारचाही सन्मान झाला. पण गौरवाची शाल आणि बियाण्याच्या विक्रीतला वाटा, यांतली दुसरी गोष्ट दारात आली नाही.

कुटुंबवत्सल म्हणून त्यांची आठवण काढणाऱ्यांनीही थोडं पुढे जायला हवं. घरातल्या आजारपणापायी त्यांना जमीन विकावी लागली, आणि नंतरचे प्रयोग नात्यातून मिळालेल्या दीड एकरावर झाले. दीड एकरवाल्याच्या घरी प्रयोगाचा तुकडा म्हणजे काय? त्या तुकड्यात हमखास पिकणारं धान लावलं असतं तर घरात आलं असतं, ते सोडून द्यायचं. सरकारी संशोधन केंद्राचा वाण फसला तर अहवालात एक ओळ जाते. इथे फसला तर कणगीतला तांदूळ कमी होतो. म्हणजे या संशोधनाला अनुदान कुणी दिलं असेल तर ते घरच्यांनी. कुटुंबाची माया एकीकडे आणि संशोधनाचं वेड दुसरीकडे, असा झगडा रंगवायची आपल्याला हौस असते. इथे तसं नव्हतं. घरानं साथ दिली म्हणूनच प्रयोग टिकला. दादाजींच्या मागे मुलानं हे काम पुढे चालवलं, हाही त्याचाच पुरावा.

शेवटचा आक्षेप शेतकऱ्यांच्याच तोंडून येतो: बी वाटायचं असतं, त्यावर हक्क कसला सांगायचा? दादाजींनी स्वतःच मूठ मूठ बी शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिलं. खरं आहे, आणि ही रीत मोडू नये. पण शेजाऱ्याला ओंजळभर देणं वेगळं आणि त्याच बियाण्यावर कुणीतरी पिशव्या भरून धंदा करणं वेगळं. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं हा फरक ओळखला आहे. शेतकऱ्यानं बी ठेवावं, पेरावं, वाटावं, छाप न मारता विकावंही, ही मुभा त्यात आहे. आणि शेतकऱ्यानं वाण निर्माण केला तर त्याची नोंदणी पैदासकार म्हणून होऊ शकते. हा कायदा आला तो पीकेव्ही एचएमटी बाजारात उतरल्यानंतर.

आपल्या गावात कुणी असा वाण वर्षानुवर्षं राखून असेल, मग ते धान असो, वाल असो की ज्वारी, तर माझी विनंती एवढीच. कुणी निवडला, कोणत्या साली, कशातून निवडला आणि त्याचे गुण काय, हे आज कागदावर लिहून ठेवा आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नोंदणीची चौकशी करा. शेतकऱ्याच्या वाणाला नोंदणी शुल्क नाही.