दोन्ही स्टिक खाली की एक वर, एक खाली? भांडण आहे डाव्या अंगठ्याचं

आज सुरुवातीलाच एक काम सांगतो. बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल, गादीवर लोळत असाल, फोन क्षणभर बाजूला ठेवा. दोन्ही हातांच्या मुठी सैल वळा, सायकलचं हँडल धरल्यासारख्या. आता अंगठे मोकळे सोडा आणि ते कुठे येऊन थांबतात ते बघा. बघितलंत? ती जागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आजचा विषय गेमिंग कंट्रोलर. त्यातही एकच गोष्ट, त्याच्यावरच्या दोन ॲनालॉग स्टिक. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर दोन्ही स्टिक खाली, शेजारी शेजारी, एका रेषेत असतात. एक्सबॉक्सवर डावी स्टिक वर आणि उजवी खाली, म्हणजे तिरक्या रेषेत. निन्टेन्डो स्विचचंही तसंच. पहिल्या प्रकाराला सिमेट्रिकल म्हणतात, दुसऱ्याला ॲसिमेट्रिकल. आपण आज सोपं ठेवू. पहिली 'जोडीची' मांडणी, दुसरी 'तिरकी' मांडणी. आणि प्रश्न असा, की हाताला यातली बरी कुठली?

या प्रश्नात माझे पैसेही गेलेत आणि अंगठेही दुखलेत, म्हणून आधी माझी गोष्ट सांगतो.

मी मूळचा फोनवाला. बीजीएमआय, कॉल ऑफ ड्यूटी मोबाईल, सगळं शिकलो ते फोनवर. नोकरी लागल्यावर जुना लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि पहिला कंट्रोलर घेतला. स्वस्तातला होता, कंपनीचं नाव घेत नाही. जोडीच्या मांडणीचा होता. तोच का? तर फोनवर चालायची जॉयस्टिक स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात खाली असते आणि उजव्या अंगठ्याने आपण कॅमेरा फिरवतो. दोन्ही अंगठे खालीच. मला वाटलं, आपल्याला सवय आहेच की.

तीन-चार महिन्यांत डाव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला, दुखायला लागलं. मी दुर्लक्ष केलं. मग एके दिवशी आईने लोणच्याची बरणी उघडायला दिली आणि मला झाकण फिरवता येईना. आई म्हणाली, "एवढा घोडा झालास आणि एक झाकण उघडत नाही तुला?" मी हसण्यावारी नेलं, पण आतून टरकलो होतो. माझं काम दिवसभर टायपिंगचं. हात गेला तर गेमचं जाऊ दे, नोकरीचं काय?

मित्राने लगेच निदान केलं. "तुझा कंट्रोलरच चुकीचा आहे. तिरका घे." घेतला. साडेपाच हजार रुपये. डावा अंगठा जरा बरा वाटायला लागला, आणि महिन्याभरात उजवा दुखायला लागला! आता बोला.

मग मी दोन्ही कंट्रोलर टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि पहिल्यांदाच नीट बघितले. जी गोष्ट पहिल्या दिवशी दिसायला हवी होती ती तेव्हा दिसली. उजवी स्टिक दोन्हींवर जवळपास एकाच जागी आहे. खाली, आतल्या बाजूला. तिरक्या मांडणीत बदलते ती फक्त डावी बाजू. डावी स्टिक आणि डी-पॅड यांची अदलाबदल, एवढाच काय तो फरक. म्हणजे इतकी वर्षं चाललेलं हे भांडण सगळं डाव्या अंगठ्याचं आहे. उजव्याला कुणी विचारलेलंच नाही.

हे असं का झालं, त्यासाठी थोडं मागे जाऊ.

तुमच्या घरात कुणी जुना टीव्ही गेम खेळलेलं असेल तर त्याचं रिमोट आठवा. डावीकडे अधिकच्या चिन्हासारखं बटण, उजवीकडे दोन गोल बटणं. ते अधिकचं चिन्ह म्हणजे डी-पॅड. 1982 साली निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी तो हातात धरायच्या 'डाँकी काँग' गेमसाठी आणला आणि पुढच्याच वर्षी तो फॅमिकॉमच्या कंट्रोलरवर आला. डाव्या अंगठ्याची हक्काची जागा तेव्हापासून त्याची झाली. सुरुवातीला मी जी जागा लक्षात ठेवायला सांगितली ना, साधारण तीच.

1994 साली पहिलं प्लेस्टेशन आलं, तेव्हा त्याच्या कंट्रोलरवर स्टिक नव्हत्याच. डावीकडे डी-पॅड, उजवीकडे चार बटणं. पुढे थ्रीडी गेम आले आणि आठ दिशांना चालणारं बटण अपुरं पडायला लागलं. सोनीने 1997 मध्ये दोन स्टिक असलेला कंट्रोलर काढला. पण हक्काच्या दोन्ही जागा आधीच भरलेल्या! मग स्टिक कुठे बसवणार? खाली मधोमध जागा होती, तिथे. आणि आजच्या डुअलसेन्सपर्यंत त्या तिथेच आहेत. आपल्याकडे चाळीत नंतर आलेलं वॉशिंग मशीन गॅलरीत बसतं ना, तसं.

दुसरीकडे सेगाच्या ड्रीमकास्टवर स्टिक वर होती आणि डी-पॅड खाली. 2001 मध्ये निन्टेन्डोचा गेमक्यूब आणि मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स आले, त्यांनीही डावी स्टिक वर ठेवली. त्यांचा हिशोब सरळ होता. गेममध्ये चालायचं आता स्टिकने आहे, तर डाव्या अंगठ्याची हक्काची जागा स्टिकला द्या.

आता मजा बघा. तुम्ही फुटबॉल खेळताय, किंवा मारिओसारखा उड्या मारायचा गेम. डावा अंगठा स्टिकवर, उजवा बहुतेक वेळ बटणांवर. तिरक्या कंट्रोलरवर हे दोन्ही वर आहेत. म्हणजे नाव तिरकं, पण हात अगदी सारखे! याउलट शूटिंग गेम घ्या. त्यात दोन्ही अंगठे स्टिकवर. तिरक्या कंट्रोलरवर डावा अंगठा वर, उजवा खाली, म्हणजे दोन हात दोन तऱ्हेने. जोडीच्या कंट्रोलरवर दोन्ही खाली, एकसारखे. काहींना तेच बरं वाटतं, कारण पकड दोन्हीकडे समान राहते. आणि फायटिंग गेममध्ये डी-पॅड वापरत असाल तर प्लेस्टेशनची जुनी मांडणी आजही सोयीची, कारण तिथे डी-पॅड वर आहे.

म्हणून "कुठला कंट्रोलर आरामदायी" या प्रश्नाला "कुठल्या गेमसाठी" हे शेपूट जोडल्याशिवाय उत्तर नाही.

तिसरा प्रकारही आहे बरं का. दोन्ही स्टिक वर. निन्टेन्डोने 2012 मध्ये वी यू प्रो कंट्रोलरवर तो करून बघितला. 2022 मध्ये आलेल्या स्टीम डेकवरही दोन्ही स्टिक वरच आहेत. तिथे शूटिंग गेममध्ये दोन्ही अंगठे हक्काच्या जागी बसतात. पण एका हाताला फुकट काही मिळत नाही. वी यू प्रोवर चार बटणं उजव्या स्टिकच्या खाली गेली, म्हणजे बटण दाबायला उजव्या अंगठ्याला खाली यावं लागतं.

आता हाताचा आकार. खालची स्टिक आतल्या बाजूला असते. लांब अंगठा तिथे पोचतो, पण दुमडून राहतो. आखूड अंगठा ताणून आडवा जातो. माझा आतेभाऊ सातवीत आहे. त्याच्या हातात माझा जुना कंट्रोलर दिला तर त्याने स्टिकपर्यंत पोचायला तळहातच पकडीवरून उचलला. म्हणजे सगळं वजन बोटांवर. अशा हाताला मांडणीपेक्षा कंट्रोलर लहान असणं जास्त महत्त्वाचं. पहिल्या एक्सबॉक्सचा कंट्रोलर तिरकाच होता, पण इतका अवाढव्य की लोकांनी त्याचं नाव 'ड्यूक' ठेवलं, आणि मायक्रोसॉफ्टला नंतर लहान आवृत्ती आणावी लागली. मांडणी चांगली असून भागत नाही, ती हातात मावली पाहिजे.

बरं, माझ्या उजव्या अंगठ्याचं कोडं राहिलंच. शेवटी मामेबहिणीकडे गेलो, ती फिजिओथेरपिस्ट आहे. मी दोन्ही कंट्रोलर पिशवीत घालून नेले होते, पुरावा म्हणून! तिने ते बघितलेही नाहीत. म्हणाली, "फोन दाखव." मी दिला. तिने स्क्रीन टाइम उघडला. सहा तास दहा मिनिटं.

"गेम किती खेळतोस?"

"ताई, दीड तास. फार तर दोन."

"आणि हे सहा तास कोण स्क्रोल करतं? तुझा हाच अंगठा ना? मग दोष कंट्रोलरला कशाला देतोस?"

मी गप्प. खरंच, फोन मी उजव्या हातात धरतो. डावा अंगठा दुखायला लागल्यावर तर टायपिंगही एकट्या उजव्याने करत होतो.

तिने मग समजावलं. अंगठा उचलणारे आणि बाजूला नेणारे दोन स्नायूबंध मनगटाशी एका अरुंद बोगद्यातून जातात. तीच हालचाल पुन्हा पुन्हा, वर घट्ट पकड, की तिथलं आवरण जाड होतं आणि दुखायला लागतं. डॉक्टर याला डी क्वेर्व्हेन म्हणतात. बाळाला सतत उचलून घेणाऱ्या नव्या आयांनाही हे होतं. म्हणजे यात गेमचं खास असं काही नाही.

घरी येऊन शोधलं तर आणखी एक गोष्ट सापडली. 1990 साली एका नामांकित अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचं पत्र छापून आलं होतं. सलग पाच तास निन्टेन्डो खेळलेल्या एका बाईंचा अंगठा दुखावला होता, आणि त्याला नाव दिलं होतं 'निन्टेन्डिनायटिस'. लक्षात घ्या, 1990! तेव्हा त्या कंट्रोलरवर स्टिक नव्हती. नुसती बटणं. मांडणीचं भांडण सुरू व्हायच्या आधीपासून अंगठे दुखतायत.

आणि हे ऐका. निन्टेन्डो 64 वरच्या 'मारिओ पार्टी'त स्टिक गरागरा फिरवायची काही आव्हानं होती. मुलं तळहाताने स्टिक घासायला लागली आणि हाताला फोड आले. प्रकरण न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांपर्यंत गेलं आणि 2000 साली कंपनीने ग्राहकांना हातमोजे द्यायचं कबूल केलं. हातमोजे! स्टिक कुठे आहे याइतकंच तुम्ही तिच्याशी काय करता हेही महत्त्वाचं.

तर आता कामाचं. कंट्रोलर घ्यायच्या आधी काय बघायचं?

एक. मित्राकडे किंवा दुकानात डोळे मिटून हातात धरा. अंगठे आपोआप कुठे पडतात बघा. मग तुम्ही सर्वांत जास्त खेळता त्या गेममध्ये अंगठे कुठे लागतात ते आठवा. दोन्ही जागा जितक्या जवळ, तितकं बरं.

दोन. पाच मिनिटांत काही कळत नाही. जमलं तर अर्धा तास खेळा.

तीन. फोनला दोन्ही बाजूंनी लावायचे कंट्रोलर बघत असाल तर नावावरून मांडणी गृहीत धरू नका. बॅकबोनची प्लेस्टेशन आवृत्ती मिळते, तिच्यावर बटणांची चिन्हं प्लेस्टेशनची, पण स्टिक तिरक्या!

चार. धावण्यासाठी डावी स्टिक पुढे ढकलून आत दाबायची असते, ती एल-थ्री. माझ्या अंगठ्याला सर्वांत जड ती गेली. बऱ्याच गेममध्ये हे काम दुसऱ्या बटणाला देता येतं, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सच्या सेटिंगमध्येही बटणं बदलता येतात. फोनवर आपण लेआउट तासभर बसून सजवतो, मग कंट्रोलरवर एवढा आळस का? सेन्सिटिव्हिटी थोडी वाढवून बघा, स्टिक कमी ढकलावी लागेल.

पाच. बॉस फाइटमध्ये कंट्रोलर आवळू नका. माहितीय, अवघड आहे. पण जोरात आवळून कुणी जिंकत नाही.

आणि सहा. दुखणं आठवड्याभरात थांबलं नाही, सूज आली, मुंग्या येत असतील, तर माझ्यासारखं नवीन कंट्रोलर मागवू नका. डॉक्टरांकडे जा. ते बहुतेक स्वस्तात पडतं.

मी काय केलं? काही आठवडे गेम बंद, ताईने दिलेला पट्टा, आणि स्क्रोलिंग निम्म्यावर. खरं सांगतो, गेम सोडणं सोपं गेलं, रील सोडणं नाही. आता तिरका कंट्रोलर माझ्याकडे आहे, कारण मी फुटबॉल जास्त खेळतो. जुना जोडीचा मित्राने नेला. तोच मित्र, ज्याने "तिरका घे" म्हटलं होतं. तो फायटिंग गेम खेळतो आणि आता म्हणतो, हाच भारी!

बरणी? उघडते आता. पण आई अजून मुद्दाम माझ्याकडेच देते.

चला, आजच्यापुरतं इतकंच. भाग संपला की लगेच पुढचा लावू नका, दोन मिनिटं अंगठ्यांना सुट्टी द्या. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!