गिऱ्हाईक आणि गुणग्राहक
(जुनी हुबळी येथील शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाच्या समारंभात ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांचा विषय निघावा, याचे काहींना नवल वाटेल. ग्रंथालय ही लोकसेवेची संस्था आणि दुकान हे पोटापाण्याचे साधन. या दोहोंचा संबंध काय, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. परंतु हुबळी, धारवाड आणि गदगच्या मुलखात तबकडीच्या दुकानांनी जे काम केले, ते निव्वळ व्यापाराचे नव्हते. ती दुकाने का मिटली आणि त्यांच्याबरोबर काय गेले, हे पाहिले म्हणजे ग्रंथालयालाही आपल्या पुढील वाटचालीसाठी त्यातून काही घेता येईल.

ग्रामोफोन कंपनीने नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. १९०८ साली त्याच शहरात सियालदा येथे तबकड्या तयार करणारा कारखाना निघाला. त्याआधी सामान्य माणसाच्या कानी चांगले गाणे पडायचे ते देवळात, मठात, नाहीतर मुक्कामाला आलेल्या नाटक मंडळीच्या तंबूत. जुन्या हुबळीला सिद्धारूढ मठाची परंपरा लाभली होती आणि मराठी संगीत नाटकांचे वेडही या भागात मुरलेले होते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा प्रदेश मुंबई राज्यात होता, त्यामुळे मुंबईचे गाणे येथे परके नव्हते. धारवाडचे आकाशवाणी केंद्र मात्र १९५० साली सुरू झाले. तोवर ज्याच्या घरी ग्रामोफोन नव्हता, आणि बहुतेकांच्या घरी तो नव्हताच, त्याला तबकडी ऐकण्याचे ठिकाण म्हणजे दुकान, हॉटेल किंवा एखाद्या सधन घराची खिडकी.

७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे चाले. लाखेची ती तबकडी ठिसूळ असे. बारीकशी चीर गेली तरी सुई अडखळे. म्हणून वाजवून दाखविल्याशिवाय ती विकली जात नसे आणि ऐकल्याशिवाय कोणी ती घेत नसे. दुकानदाराला चावीची स्प्रिंग बदलता यावी लागे, सुयांच्या डब्या ठेवाव्या लागत आणि कोणत्या घरी नाट्यपदे आवडतात, कोणत्या घरी ख्याल, हे लक्षात ठेवावे लागे. पण या सेवेचा मोठा भाग पेटीत पैसे टाकणाऱ्यापुरता उरत नसे. एका गिऱ्हाइकासाठी लावलेली तबकडी सारा रस्ता ऐकत असे.

त्या रस्त्यावर कोण उभे होते, याला इतिहास साक्षी आहे. गदगमध्ये शाळकरी वयाचे भीमसेन जोशी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकत थांबत. तसे गाता यावे या ध्यासाने वयाच्या अकराव्या वर्षी, १९३३ मध्ये, त्यांनी गुरूच्या शोधात घर सोडले, आणि तो शोध अखेर हुबळीजवळच्या कुंदगोळात, सवाई गंधर्वांच्या पायाशी संपला. धारवाडमध्ये १९१३ साली जन्मलेल्या गंगूबाई हनगल यादेखील लहानपणी ग्रामोफोनचा सूर आला की रस्त्यावर धाव घेत आणि ऐकलेले गळ्यात उतरविण्याचा प्रयत्न करीत. या दोन मुलांनी त्या वेळी कोणत्याही दुकानदाराचा धंदा वाढविला नसेल. त्यांना हाकलून दिले असते, तर व्यापाराच्या हिशेबात ते चूक ठरले नसते.

मराठीत 'गिऱ्हाईक' आणि 'ग्राहक' हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्यानेही मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा तो ग्राहक, असेच मानले. परंतु आपल्या भाषेत 'गुणग्राहक' असाही एक शब्द आहे, आणि त्यात पैशाचा उल्लेख नाही. दुकानापुढे उभा राहिलेला मुलगा गिऱ्हाईक नव्हता, पण गुणग्राहक होता. जुन्या दुकानांची खरी थोरवी ही, की त्यांच्या दारात या दोघांनाही जागा होती. ती प्रत्येक वेळी उदारपणाने दिली जात होती असे नव्हे. धंद्याची रीतच तशी होती. तरीही फळ आले ते आलेच.

जाणत्या विक्रेत्याची दुसरी सेवा होती माहितीची. १९३० च्या दशकात गंगूबाईंच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्या 'गांधारी' या नावाने. त्या काळचा त्यांचा आवाज बारीक आणि धारदार होता. पुढे घशाच्या उपचारानंतर तो भारदस्त झाला. म्हणजे नावही वेगळे आणि आवाजही वेगळा. हुबळीची गांधारी तीच गंगूबाई, हे नुसती यादी चाळून कळत नाही. ते सांगणारा माणूस लागतो. यादीत नसलेले सांगणे, हीच विक्रेत्याची आणि ग्रंथपालाचीही खरी विद्या होय.

मग ही दुकाने गेली कशी? दोष एकाच कारणाला देता येत नाही. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि पानपट्टीपासून किराणा दुकानापर्यंत सर्वत्र मिळू लागली. विकणाऱ्याला गाण्यातले काही कळण्याची गरज उरली नाही. कोऱ्या कॅसेटवर हवी ती गाणी भरून देणे ही गिऱ्हाइकाची सोय ठरली, पण तिने कायदा मोडला आणि प्रामाणिक विक्रेत्याचे पोटही मारले. पुढे कॉम्पॅक्ट डिस्क आली; तीही कॅसेटप्रमाणे प्लॅस्टिकच्या वेष्टनात बंद. वाजवून दाखविण्याची चाल मागे पडली आणि रस्त्याला ऐकू येणारे गाणे थांबले. मग संगणकावर फुकट नकला मिळू लागल्या, आणि शेवटी सारे गाणे दूरध्वनी संचातच आले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावी लागते. सेवा चांगली असती तर दुकाने टिकली असती, असे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. मुंबईत काळा घोडा येथील ऱ्हिदम हाऊसमध्ये ऐकण्यासाठी खास कक्ष होते आणि त्याच्या जाणत्या सेवकवर्गाची ख्याती होती. तरी ते २०१६ साली बंद झाले. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १९२१ मध्ये संगीतकार एडवर्ड एल्गार यांच्या हस्ते उघडलेल्या दुकानातून वाढलेली एच. एम. व्ही. ही विक्रीसंस्थाही जानेवारी २०१३ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. उलट, पाश्चात्त्य देशांत तबकडीला पुन्हा मागणी आली आहे. अमेरिकेत २०२० साली तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न १९८६ नंतर प्रथमच कॉम्पॅक्ट डिस्कपेक्षा अधिक झाले. परंतु ही तबकडी हौसेची आणि महागडी आहे. तिच्यामुळे काही दुकाने जगतील. दारात थांबणारा बिनपैशाचा मुलगा परत येईलच, असे नाही.

कोणी म्हणेल, त्या मुलाला आता दुकानाची गरजच काय? त्याच्या हातातील यंत्रात अब्दुल करीम खाँही आहेत आणि गंगूबाईही. हे खरे आहे, आणि ही सोय लहान नव्हे. पण ते यंत्र मुख्यतः मागितलेले देते, किंवा पूर्वी ऐकलेल्यासारखेच आणखी काही पुढे करते. गदगच्या मुलाने ती ठुमरी मागितलेली नव्हती. दुसऱ्या कोणी तरी ती निवडली, लावली, आणि वाटेने जाणाऱ्याच्या कानावर ती अवचित पडली. जे मागण्याइतकीही आपल्याला माहिती नाही, ते कोणी आपल्यापुढे आणून ठेवणे, ही सेवा दुकानांबरोबर गेली.

ती सेवा आता ज्या मोजक्या ठिकाणी शक्य आहे, त्यांत ग्रंथालय प्रमुख आहे. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांत वाचकाला त्याच्या योग्य ग्रंथापर्यंत आणि ग्रंथाला त्याच्या वाचकापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी ग्रंथालयावर टाकलेली आहे. यातील दुसरी अधिक अवघड, कारण तो वाचक अजून दारात आलेला नसतो. दुकानाला भाडे, व्याज आणि नफा यांचा हिशेब चुकत नाही. ग्रंथालयात मात्र विकत न घेणारा हाच मुख्य ग्राहक असतो.

जुन्या हुबळीतील कितीतरी घरांच्या माळ्यांवर लाखेच्या तबकड्या असू शकतील. त्या उभ्या न ठेवता रचून ठेवल्या तर वाकतात आणि तडकतात. भंगारात गेल्या तर कायमच्या जातात. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने संग्राहकांना एकत्र आणून अशा तबकड्यांचे महत्त्व पटवून दिले आहे. शताब्दीच्या वर्षात सभासदांनी आपापल्या घरच्या तबकड्या ग्रंथालयात आणाव्यात. त्यांची नोंदवही व्हावी. तीत लेबलावरचे नाव, त्यामागचा खरा कलावंत, राग, क्रमांक आणि ती कोणाच्या घरून आली, हे लिहिले जावे. आठवड्यातून एक संध्याकाळ या तबकड्या लावाव्यात. आणि त्या वेळी वाचनालयाचे रस्त्याकडचे दार उघडे असावे.