परवानगी नाकारली, तर अपील कुठे?

जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावाला लागून असलेल्या वारूळवाडीसारख्या गावांत आता शेतांच्या कडेनं घरं उभी राहताहेत. समजा, बिनशेतीचा किंवा बांधकामाचा तुमचा अर्ज नामंजूर झाला. तर आधी आदेश नीट वाचा. तो कोणत्या कायद्याखाली दिलाय, यावर अपिलाची मुदत ठरते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ खालचा आदेश असेल, तर कलम २४७ प्रमाणे वरिष्ठ महसूल अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. जिल्हाधिकाऱ्यांहून खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर ६० दिवसांत, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर ९० दिवसांत. सबळ कारण असेल, तर उशीर माफ होऊ शकतो.

प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली नियोजन प्राधिकरणानं परवानगी नाकारली किंवा जाचक अटी घातल्या, तर मात्र ४० दिवसच मिळतात आणि अपील राज्य शासनाकडे जातं. नकाराची कारणं आदेशात लिहिणं बंधनकारक आहे. अपिलात एकेका कारणाला कागदानिशी उत्तर द्या. नुसत्या विनवणीनं काही साधत नाही.

या अधिनियमाच्या कलम ४७ मधला अपिलाचा हक्क फक्त अर्जदाराला आहे. शेजारच्या मंजूर बांधकामानं ज्याची वाट अडते, त्याला या कलमाखाली अपील करता येत नाही. परवानगीलाच आव्हान द्यायचं, तर त्याला सहसा उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग धरावा लागतो. जुन्नरच्या शेतकऱ्याला तो खर्च झेपणारा नाही, आणि ही उणीव कायद्यात दुरुस्त व्हायलाच हवी, असं मला ठामपणे वाटतं.

आदेश टपालानं आला असेल, तर पाकीटही जपून ठेवा. मुदत मोजताना आदेश हाती कधी पडला, याचा ते एक पुरावा ठरू शकतं.