ओठावरचा फोड, गुगलवरची नागीण आणि मी

इयरफोन लावून ऐकत असाल तर उत्तम. स्पीकरवर लावलंय आणि शेजारी आई बसलीय? तरी चालेल. आजचा विषय तिलाही माहीत असायला हवा. विषय आहे हर्पिस. आणि हो, मला आहे. हे एकदा बोलून टाकलं की पुढचं सोपं जातं.

गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. मी पुण्यात नोकरीला होते, दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅटवर राहायचे. एका शुक्रवारी अंग मोडून ताप आला. रविवारपर्यंत लघवीला इतकी आग व्हायला लागली की डोळ्यांतून पाणी यायचं. वाटलं, युरिन इन्फेक्शन असेल. सोमवारी छोटा आरसा घेऊन बघितलं, तर खाली बारीक बारीक, पाणी भरलेले फोड. जांघेत गाठी.

आता खरं तर डॉक्टरकडे जायचं. मी गेले मेडिकलमध्ये. काउंटरवर चार माणसं उभी, त्यामुळे 'खाज येतेय' एवढंच पुटपुटले. त्याने एक मलम दिलं. त्यात स्टेरॉइड होतं, हे नंतर कळलं. अशा व्हायरसच्या फोडांवर नुसतं स्टेरॉइड लावलं तर संसर्ग वाढू शकतो. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

रात्री दोन वाजता फोनवर शोधलं, 'हर्पिस म्हणजे काय मराठीत'. उत्तर आलं, नागीण! आणि मला आजीचं वाक्य आठवलं, 'नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस संपला.' खरं सांगते, मी अंधारात कमरेभोवती हात फिरवून बघत होते.

तर पहिला गोंधळ इथेच सोडवू. नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर. तो कांजिण्यांचा व्हायरस, बऱ्याच वर्षांनी पुन्हा जागा झालेला. आपण बोलतोय ते हर्पिस सिम्प्लेक्सबद्दल. घराणं एक, पण आजार वेगळे. आणि नागिणीच्या विळख्याची गोष्टही खरी नाही. ती बहुतेक वेळा अंगाच्या एकाच बाजूला, एका नसेच्या पट्ट्यात येते.

मंगळवारी एकदाची दवाखान्यात गेले. बाहेर पाटी, 'त्वचारोग व गुप्तरोग तज्ज्ञ'. मला वाटत होतं की सगळे माझ्याकडेच बघतायत. प्रत्यक्षात निम्मे लोक केस गळतात म्हणून आलेले होते आणि उरलेले पिंपल्ससाठी. डॉक्टर मॅडमनी ताज्या फोडातून स्वॅब घेऊन पीसीआरला पाठवला आणि रिपोर्टची वाट न बघता गोळ्या सुरू केल्या.

रिपोर्ट आला, एचएसव्ही-1.

इथे थोडं थांबू. या व्हायरसचे दोन प्रकार आहेत. एचएसव्ही-1 बहुतेक वेळा तोंडाजवळ येतो, तर एचएसव्ही-2 मुख्यतः लैंगिक संबंधांतून पसरतो आणि खालच्या भागात येतो. मग मला खाली एक नंबर कसा? मॅडमनी शांतपणे विचारलं, "तुझ्या मित्राच्या ओठावर कधी फोड येतात का गं?"

येतात की! कामाचा ताण वाढला, जागरणं झाली की हमखास. तो म्हणायचा, 'काही नाही, ताप फुटलाय ओठावर.' तोच हा व्हायरस. मुखमैथुनातून तो माझ्यापर्यंत आला होता.

त्याआधी आम्ही दोन दिवस कडाकडा भांडलो होतो. 'तू कुणाबरोबर होतास?' 'तूच सांग, तू कुणाबरोबर होतीस?' उत्तर होतं, कुणीच कुणाबरोबर नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "त्याला तो चौथ्या वर्षी एखाद्या मावशीच्या पापीतूनही मिळाला असेल." जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या अंदाजानुसार जगात पन्नाशीच्या आतल्या साधारण 380 कोटी लोकांना, म्हणजे 64 टक्के लोकांना एचएसव्ही-1 आहे. 15 ते 49 वयाच्या सुमारे 52 कोटी लोकांना एचएसव्ही-2 आहे. यातल्या बहुतेकांना लक्षणंच नसतात, किंवा इतकी किरकोळ असतात की कळत नाही. म्हणून फोड आज दिसला याचा अर्थ संसर्ग काल झाला, असा होत नाही.

हा व्हायरस कातडीतून शिरतो, नसेतून वर चढतो आणि मज्जापेशींच्या गाठीत जाऊन झोपतो. तोंडाचा असेल तर कवटीच्या तळाशी, खालचा असेल तर माकडहाडाच्या वरच्या भागात. ताप, कडक ऊन, ताण, पाळी अशा निमित्ताने तो जागा होतो आणि त्याच नसेने परत खाली येतो. आधी मुंग्या येतात, चुरचुरतं, मग फोड येतात, ते फुटून जखम होते, खपली धरते. पहिली वेळ सगळ्यात त्रासाची, नंतरच्या सौम्य. खालचा एचएसव्ही-1 हा एचएसव्ही-2 पेक्षा कमी वेळा उलटतो. मला तीन वर्षांत दोनदाच आला.

पसरतो कसा? कातडीला कातडी लागून, लाळेतून. फोड असताना जास्त, पण फोड नसतानाही पसरू शकतो. कंडोममुळे धोका बराच कमी होतो, शून्य होत नाही. टॉयलेट सीट किंवा स्विमिंग टँकमधून पसरत नाही.

औषध म्हणजे असायक्लोव्हिर आणि त्याची भावंडं, व्हॅलासायक्लोव्हिर आणि फॅमसायक्लोव्हिर. असायक्लोव्हिरच्या शोधामागे गर्ट्रूड एलियन यांची टीम होती. त्यांना 1988 मध्ये नोबेल मिळालं. गंमत म्हणजे हे औषध व्हायरसच्याच एका एन्झाइममुळे चालू होतं, म्हणून ते मुख्यतः बाधित पेशींतच काम करतं. पण झोपलेल्या व्हायरसला ते हात लावू शकत नाही. म्हणून कायमचा इलाज नाही, लसही अजून नाही. पहिल्या वेळी 72 तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर उत्तम. पुन्हा आला तर मुंग्या येतानाच. वारंवार येत असेल तर डॉक्टर रोजची गोळीही देतात. डोस मात्र माझ्याकडून नाही, डॉक्टरांकडून घ्या. मी एवढंच सांगेन, लघवी करताना वरून पाणी ओतलं की आग कमी होते. सैल सुती कपडे घाला. फोड फोडू नका.

टेस्टबद्दल एक गोष्ट. काहीच लक्षण नसताना पॅकेजमध्ये आयजीएम पॉझिटिव्ह आलं म्हणून रडत बसू नका. ती टेस्ट यासाठी भरवशाची नाही. फोड असेल तेव्हाचा स्वॅब सगळ्यात चांगला. सोबत एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणीही करून घ्या, कारण एचएसव्ही-2 असेल तर एचआयव्ही होण्याचा धोका वाढतो.

आणि या वेळी अजिबात थांबू नका. डोळा लाल होऊन दुखतोय, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, मनाने थेंब टाकू नका. गरोदर असाल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. ओठावर फोड असताना तान्ह्या बाळाची पापी घेऊ नका, बाळाच्या जिवावर बेतू शकतं. बारशाला कुणी रागावलं तरी चालेल.

पैशांची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयात 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तिथे तपासणी आणि औषध मोफत मिळतं. 1097 हा हेल्पलाइन नंबरही मोफत आहे.

तो मित्र आता माझ्या आयुष्यात नाही, कारण वेगळं होतं. गेल्या वर्षी एका नव्या माणसाला हे सांगायची वेळ आली. मी तीन चहा प्यायले, मग सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे मला दर मे महिन्यात ओठावर येतो, तोच का हा?"

तोच रे बाबा, तोच.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि मेडिकलमध्ये पुटपुटू नका.